सहा बाटल्यांचं आधण

निपल धुवायचं तर आधी ते उलटं करावं लागतं, पायातला मोजा उलटा करतात तसं. बोट आत घालायचं, टोकापर्यंत न्यायचं आणि आतली बाजू बाहेर ओढायची. वरून बघावं तर सगळं लख्ख. उलटं केलं की भोकापाशी दुधाची पिवळट साय चिकटून बसलेली. ती मीठ लावून बोटाच्या पेरानं हलकेच चोळून काढायची. नखानं नाही. नखानं निपल चिरतं, आणि चिरेत एकदा वास धरला की तो उकळूनही जात नाही.

धाकटीला हे सगळं सासूबाईंनी शिकवलं होतं.

"वरून काय गं, वरून सगळंच छान असतं," पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या होत्या. "आमचा मुलगा बघायला आलीस, तेव्हा तूही वरूनच बघितलास ना?"

हे अर्थात मुलगा घरात नसताना. तो बाहेर असला की सासूबाईंच्या जिभेला धार चढायची. त्याचे बूट जिन्यावर वाजले की तोंडाला कुलूप, आणि किल्ली विहिरीत.

आज ओट्यावर सहाच्या सहा बाटल्या होत्या. रोज असं नसे. रोज दोन उकळायच्या, दोन फडक्यावर पालथ्या वाळायच्या, दोन वापरात. काचेच्या बाटल्या, रुंद बुडाच्या, अंगावर आकड्यांच्या निळ्या रेघा. आठ होत्या, दोन फुटल्या. एक भिंतीवर, एक धाकटीच्या खांद्यावर. उरलेल्या सहा आज तिनं एकाच वेळी धुवायला काढल्या होत्या, कारण साडेअकराची बस होती आणि जिची ती धाकटी, त्या ताईच्या गावाला पोचायला एक दिवस आणि एक रात्र लागायची. सात महिन्यांची लेक दर चार तासांनी तोंड उघडायची आणि दूध मिळेपर्यंत ते मिटायची नाही. मिळालं की मात्र घाई नाही. घुटका घ्यायचा, थांबायचं, छताकडे बघायचं, पुन्हा घुटका. एखाद्या पेन्शनर आजोबांनी चहा प्यावा तशी ऐट. म्हणून तिचं नाव घुटकी पडलं होतं. चोवीस तासांत सहा वेळा दूध. सहा वेळा, सहा बाटल्या.

ताईचा निरोप येऊन आठ दिवस झाले होते. 'दार उघडंच आहे. पण पोरीला घेऊन ये. एकटी आलीस तर ती तुला परत मिळायची नाही, आणि मग तू स्वतःच परत जाशील.'

ताईला काही सांगावं लागत नसे. धाकटीला मात्र नवऱ्यानं स्पष्टच सांगितलं होतं, तेही हसत हसत. "जायचंय? जा की. दाराला कडी नाही. फक्त पोर इथं राहील. माझी आहे ती, मोजून घेतलीय मी."

नवरा धान्याच्या गोदामात मुकादम होता. हमाल पोती वाहत आणि हा दारात उभा राहून मोजी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोजून त्याच्या डोक्यात मोजणीचं यंत्रच बसलं होतं, ते घरी आल्यावरही थांबायचं नाही. पोळ्या किती लाटल्या, दोरीवर किती चिमटे आहेत, धाकटी शेजारणीशी किती वाक्यं बोलली. आकडा चुकला की हात उठायचा. कधी हात, कधी पट्टा, कधी जे हाताला लागेल ते. मारतानाही तो मोजायचा. "पाच सांगितल्या होत्या, पाचच देणार. मी अन्याय करत नाही," म्हणायचा, आणि खरंच पाचावर थांबायचा. सहावी कधी दिली नाही त्यानं. गल्लीत म्हणूनच त्याला सरळ माणूस म्हणत.

बाटल्याही त्याच्यामुळेच घरात आल्या. घुटकी दीड महिन्याची होती. धाकटी खाली बसून तिला अंगावर पाजत होती आणि त्यानं मागितलेलं पाणी यायला उशीर झाला. लाथ पोरीला लागू नये म्हणून धाकटीनं अंग वळवलं, आणि ती छातीवर बसली. आधी काळंनिळं झालं, मग दगड. ताप चढला, गळू धरलं, ते कापावं लागलं, आणि दूध गेलं ते गेलंच. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी विचारलं, "कशानं लागलं?" सासूबाई पलंगाशेजारी बसल्या होत्या. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. धाकटी म्हणाली, "पडले." नर्सबाईंनी तिच्याकडे बघून मान हलवली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि बाटली कशी धुवायची ते दोघींना दोनदा सांगितलं.

त्या दिवशी धाकटीनं सासूबाईंना मनातल्या मनात टाकून दिलं. हात उगारणाऱ्याचा राग येतो, तो येतो आणि कधीतरी ओसरतोही. पण शेजारच्या खोलीत बसून नळ मोठा सोडणारीचा? सासूबाई तेच करायच्या. आत धपाधप सुरू झालं की बाहेर नळाची धार वाढायची.

तरी आज सकाळी एक गोष्ट झाली. सहा बाटल्या, निपल बसवायची सहा कडी, सहा निपलं टोपलीत बघून सासूबाई दारात थबकल्या. मग त्या स्टुलावर चढल्या, वरच्या फळीवरून मोठं पातेलं काढलं, पदरानं पुसलं आणि ओट्यावर ठेवलं.

"लहान पातेल्यात सहा मावायच्या नाहीत," एवढंच म्हणाल्या, आणि घुटकीला खांद्यावर टाकून बाहेरच्या खोलीत गेल्या.

धाकटीनं ब्रश घेतला. गळ्यातून आत घालायचा, बुडाशी तीन वेळा फिरवायचा, मग कडेकडेनं वर. कड्याच्या आट्यांत दूध सुकतं, तिथं जुना दात घासायचा ब्रश. मग स्वच्छ पाण्यानं तीनदा खंगाळणं. मग पातेल्यात आडव्या, बुडबुडा आत अडकणार नाही अशा. बाहेरून सासूबाईंचा आवाज येत होता. त्यांना सवय होती, हातात मूल असलं की ओठांवर दोन ओळी यायच्या, कुठून यायच्या त्यांचं त्यांना ठाऊक.

आधण ठेविलं गं, उठे मोतियाचा दाणा
लेक माझी तान्ही, तिला घोट घोट आणा

उकळी फुटली. धाकटीनं घड्याळ लावलं. खिडकी तिनं आधीच बंद केली होती, कारण गार वारा लागला की तापलेली काच तडकते. वाफेनं भिंतींना घाम फुटला, भांड्यांवर धुकं बसलं. निपलं शेवटची पाच मिनिटंच टाकायची, जास्त उकळली की चिकट होतात. ती तिनं जाळीच्या डब्यात घालून बुडवली आणि वेळेवर काढून खिडकीच्या कट्ट्यावर झाकून ठेवली. गॅस बंद. पातेल्यावर झाकण. दहा मिनिटं.

याबद्दल सासूबाईंची ताकीद होती, आणि ती त्यांनी हसत दिलेली नव्हती. "उकळतं आधण बरं, पोरी. ते ओरडून सांगतं, मी गरम आहे. बुडबुडे थांबले की भ्यायचं. चिमट्याशिवाय त्यात बोटसुद्धा घालायचं नाही." मग दोन ओळी, गाण्यापेक्षा बोलल्यासारख्या:

आधण गप्प झालं, नको समजू निवलं
किती जन्मांचं जळणं, त्यानं पोटात ठेवलं

त्यांच्या डाव्या हाताचं कातडं मनगटापासून कोपरापर्यंत सुरकुतलेलं, गुलाबी, दुधावरच्या सायीसारखं होतं. कुणी विचारलं तर "आधण" एवढंच सांगत. कुणी हात धरून बुडवला होता, ते सांगायला सासरे आता हयात नव्हते.

दहा मिनिटं झाली. धाकटीनं झाकण काढून बाजूला ठेवलं. पाणी स्वच्छ, निश्चल. बुडाशी बाटल्या झोपलेल्या. तिनं चिमट्यानं पहिली उचलली, निथळू दिली, फडक्यावर पालथी घातली. मग दुसरी.

तेव्हा जिन्यावर बूट वाजले.

साडेदहा वाजले होते. मुकादम सहाच्या आत कधी घरी येत नसे. धाकटीच्या हातातला चिमटा खाली पडला आणि ओट्याखाली सरकला. बाहेर सासूबाईंचं गाणं मधेच तुटलं.

तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. दमलेला नव्हता, चिडलेलाही दिसत नव्हता. शर्टाला इस्त्री, बाह्यांची बटणं लावलेली, कानावर पेन्सिल.

"गोदामाच्या फाटकापर्यंत गेलो," तो म्हणाला. "पहिली गाडी लागली. एक पोतं, दोन पोती, आणि तिसऱ्याला अडकलो. डोक्यात सारखं सहा, सहा. म्हटलं हे सहा कुठलं? मग आठवलं. सकाळी तोंड धुताना बघितलं होतं. टोपलीत सहा बाटल्या. फडक्यावर शून्य."

"धुवायला—"

"रोज दोन धुतेस."

"वास येत होता, म्हणून सगळ्या—"

"सहा चोक चोवीस," मुकादम म्हणाला. "चोवीस तास. कुठं आहे गं तुझी बहीण? चोवीस तासांवरच ना?"

धाकटीच्या नजरेनं घात केला; ती क्षणभर धुण्याच्या बादलीकडे गेली. मुकादमानं बादली लाथेनं उलटी केली. ओल्या कपड्यांखालून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली पिशवी बाहेर आली. लंगोट, दोन झबली, दूध पावडरचा डबा, थर्मास, धाकटीची एकच साडी.

"चांगलं बांधलंयस," तो म्हणाला, आणि पहिला फटका बसला.

तो कानावर बसला. जग एका बाजूनं बंद झालं. दुसऱ्यानं ओठ दातावर फाटला. ती ओट्याला धरून उभी राहिली. पडलं की लाथा सुरू होतात, हे तिला अनुभवानं ठाऊक होतं. त्यानं तिची वेणी मनगटाभोवती गुंडाळली, एकदा, दोनदा, दोर गुंडाळतात तशी, आणि तिचं तोंड फडक्यावरच्या बाटल्यांसमोर आणलं.

"मोज."

तिनं ओठावरचं रक्त गिळलं.

"मोज म्हणतो ना. मोठ्यानं."

"एक," धाकटी म्हणाली.

त्यानं पहिली बाटली उचलली आणि तिच्या डोक्याजवळच्या भिंतीवर आपटली. काच तिच्या केसांत, मानेवर, ओट्यावर. काच एव्हाना निवून कोमट झालेली. भुवईच्या वर काहीतरी चावलं आणि डोळ्यात ऊन ऊन काहीतरी उतरलं.

"पुढं."

"दोन."

दुसरी त्यानं जमिनीवर फोडली आणि बुटानं दाबून तिचा चुरा केला, अगदी बारीक, झुरळ मारावं तसा. दारात सासूबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. घुटकी त्यांच्या खांद्यावर रडत होती, चार तास होत आले होते.

"आई, तू आत जा," मुकादम मागं न बघता म्हणाला.

सासूबाई गेल्या नाहीत. आल्या मात्र नाहीत पुढं. तिथंच उभ्या, पोरीच्या पाठीवर हात थोपटत. आज नळ सोडायला त्यांना वाट नव्हती. नळ या खोलीत होता.

"बाकीच्या चार कुठायत?"

धाकटीनं पातेल्याकडे बघितलं. "त्यात आहेत. पण ते—"

त्यानं तिचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. डोळ्यांपुढं पांढरं झालं. "पण?" तो म्हणाला. "मला पण सांगतेस? नीट ऐक. आता या घरात तुझ्या तोंडातून एक शब्द निघाला, एक, तर संध्याकाळच्या आत ही पोर अशा ठिकाणी ठेवीन की तुला तिचा दात आलेलाही कळायचा नाही. आणि तुझी बहीण येऊ दे नाहीतर अख्खा गाव येऊ दे. कळलं? मान हलव."

तिनं मान हलवली.

"एक शब्द नाही."

तिनं पुन्हा मान हलवली.

"आई, तुलाही सांगून ठेवतो."

सासूबाईंना हे सांगायची गरज पडली, असं आजवर झालं नव्हतं.

त्यानं वेणी सोडली. धाकटी ओट्याला टेकून खाली घसरली, गुडघे पोटाशी. मुकादम पातेल्यासमोर उभा राहिला आणि आत डोकावला. सगळं घर वाफेनं भरलेलं, त्यात पातेल्याची वाफ ती कुठं वेगळी दिसणार. खाली आग नाही. पाण्यावर साधी लाटसुद्धा नाही. चार बाटल्या तळाशी, स्वच्छ दिसताहेत, हात घालावा आणि काढाव्या. घुटकीच्या जन्मापासून सात महिन्यांत त्यानं एकही बाटली धुतली नव्हती. फोडल्या मात्र होत्या, आता मोजून चार.

तो शर्ट भिजू देणारा माणूस नव्हता. त्यानं उजव्या बाहीचं बटण काढलं.

एक घडी घातली.

धाकटीच्या जिभेवर शब्द होता. तीन अक्षरांचा. 'गरम.' पाण्याचा पेला दुसऱ्याच्या हातात देताना माणूस सहज बोलून जातो, ओळख नसलेल्याला, शत्रूलासुद्धा. तोंड उघडायचं आणि सोडून द्यायचा. तो शब्द तिच्या घशापर्यंत आला आणि फाटलेल्या ओठाशी थांबला.

त्यानं दुसरी घडी घातली. नीट, कडेला कड लावून.

तिनं मान वर करून सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई पातेल्याकडे बघत होत्या. मग त्यांनी धाकटीकडे बघितलं. घुटकीच्या पाठीवरचा त्यांचा सुरकुतलेला डावा हात थोपटता थोपटता थांबला. त्याची आई म्हणून त्यांच्याही घशात काहीतरी हललं असेल; गळ्याची शीर एकदा वर गेली आणि खाली आली. आयुष्यभर त्या गप्प राहिल्या होत्या. आताही राहिल्या. हात पुन्हा थोपटू लागला.

तिसरी घडी कोपराच्या वर गेली, आणि मुकादमानं हात पातेल्यात घातला. सरळ, झटक्यात, तळापर्यंत.

आधी आवाजच आला नाही. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मग जो निघाला तो माणसाचा वाटेना. त्यानं हात ओढला, तो पातेल्याच्या काठाला अडकला, पातेलं कलंडलं, पाण्याची जाड जीभ ओट्यावरून त्याच्या मांडीवर आली. एक बाटली उडून फरशीवर फुटली. तो मागं गेला, पुढं आला, हात हवेत धरून, आणि त्या हाताचं कातडं डोळ्यांदेखत लाल झालं, मग चमकलं, मग बोटांवरून सुटलेल्या मोज्यासारखं सैल झालं.

धाकटी उठून भिंतीला लागली. तो डाव्या हातानं तिच्यावर आला. पाच बोटं तिच्या गळ्यात रुतली, डोकं भिंतीवर, पाय जमिनीवरून सुटायला आलेले.

"बोलली का नाहीस?" तो किंचाळत होता. "दिसत होतं ना तुला! बोलली का नाहीस!"

तिच्या डोळ्यांपुढं काळे दाणे उठू लागले, उकळी फुटण्याआधी पातेल्याच्या बुडाशी उठतात तसे. तिनं त्याच्या तोंडावर नखं ओढली. त्यानं पकड घट्ट केली. घुटकीचं रडणं कुठूनतरी लांबून येत होतं, मग तेही येईना.

आणि गळ्यावरची बोटं एकदम सुटली.

सासूबाईंनी त्याला मारलं नव्हतं. त्यांनी फक्त मुलाचा हात हातात घेतला होता, भाजलेला, मनगटापाशी, आणि दाबला होता. मुकादम गुडघ्यांवर आला. काचेवर आला, पण ते त्याला कळलं नसावं.

"चल," सासूबाई म्हणाल्या. "नळाखाली. ऊठ."

"आई, सोड! आई गं!"

"उठतोस की आणखी दाबू?"

तो उठला. त्याच हाताला धरून, जत्रेत हरवू नये म्हणून पोराला धरतात तसं धरून, त्यांनी त्याला नळापाशी नेलं. घुटकीला वाटेत धाकटीच्या कडेवर दिलं, न बघता, जणू भाजीची पिशवी या हातातून त्या हातात. नळ सोडला. मोठा. त्याचा हात धारेखाली धरला आणि स्वतःच्या सगळ्या वजनानं त्याला ओट्याशी दाबून ठेवलं.

"भाजलं की वीस मिनिटं पाणी सोडायचं असतं," त्या म्हणाल्या. "नर्सबाईंनीच सांगितलं होतं मला. मागं. माझा हात भाजला, तेव्हा कुणी सोडलं नव्हतं." मग धाकटीकडे मान वळवून, रोजच्याच आवाजात: "बघत काय बसलीस? चिमटा ओट्याखाली आहे. पातेल्यात तीन उरल्यात."

धाकटी पुढं झाली. तिनं वाकून चिमटा काढला. तीन बाटल्या काढल्या, निथळल्या, स्वच्छ फडक्यात गुंडाळल्या. हात आपलं काम करत होते. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं. खिडकीच्या कट्ट्यावर निपलं झाकलेली होती, सहाच्या सहा. मुकादमानं बाटल्या मोजल्या होत्या. निपलं मोजायचं त्याला सुचलंच नव्हतं.

"मारून टाकीन," मुकादम रडत म्हणाला. "दोघींना मारून टाकीन."

"टाक हो. आधी हात बरा होऊ दे." सासूबाईंनी पकड बदलली नाही. "डावरा नाहीस तू."

धाकटी दारात पिशवी घेऊन उभी होती. भुवईवरचं रक्त तिनं साडीला पुसलं. "आई," ती कशीबशी म्हणाली, "तुम्ही पण—"

"मी येऊन काय करू? मला कोण बाटलीनं पाजणार आहे तिथं?" मग त्याला आणखी ओट्याशी रेटून, "मी हात सोडला तर हा तुझ्या मागं येईल. आणि धरून ठेवला तर याचा हात वाचेल. दोन्हीकडून माझं इथंच काम आहे. जा. वीस मिनिटं आहेत."

"तीनच बाटल्या आहेत."

"मग वाटेत धू. आधण काय, कुठंही मिळतं."

जिना उतरताना धाकटीला वरून नळाची धार ऐकू येत होती. इतकी वर्षं तिला त्या आवाजाची चीड होती. आज तो बंद पडू नये म्हणून ती देवाला आळवत होती.

*

बसच्या थांब्यावर एक चहावाली होती. लोखंडी टेबल, दोन बाकं, एक शेगडी. धाकटीनं पदर डोक्यावरून गळ्याभोवती घेतला होता, पण बोटांच्या खुणा पदराला जुमानत नव्हत्या. चहावालीनं एकदा बघितलं, आणि नंतर दुसरीकडेच बघत बोलत राहिली, कुणी चुकून उघडं दिसलं की माणूस नजर वळवतो तसं.

"पाणी हवं का उकळलेलं? पोरीसाठी? बस तू, बस. मी देते."

घुटकी रडून रडून काळीनिळी झाली होती. चहावालीनं पातेल्यात पाणी उकळवलं, खाली उतरवलं आणि बाकावर धाकटीच्या शेजारी आणून ठेवलं. "घे हो. खळखळून उकळलंय." आणि ती गिऱ्हाईकाकडे वळली.

धाकटीनं फडकं सोडलं. बाटली, कडं, निपल. डब्याचं झाकण काढलं. एका मांडीवर पोर, दुसऱ्या मांडीवर डबा. पाणी शेजारी गप्प झालं. बुडबुडे थांबले. भर उन्हात वाफ दिसेना. नितळ, चमचमतं पाणी, आणि त्यात आभाळाचा एक तुकडा. घुटकी रडायची थांबली. तिला ते चमचमणं दिसलं होतं. तिनं मांडीवरून अंग ताणलं, पाच बोटं फाकवली आणि हात पातेल्याकडे नेला.

"गरम आहे!"

सगळा थांबा वळला. हमालाच्या डोक्यावरची ट्रंक डगमगली. एका म्हाताऱ्याचा चहा सांडला. तो आवाज धाकटीच्या गळ्यातून आला होता, त्या सुजलेल्या, ठसे उठलेल्या गळ्यातून, आणि अर्ध्यातच फाटला होता. तिनं पोरीचा हात मुठीत पकडून छातीशी धरला होता, जिथं टाके पडले होते तिथं.

"अगं बाई, केवढ्यानं ओरडलीस!" चहावाली धावत आली. "मला वाटलं चोर शिरला."

"गरम आहे," धाकटी म्हणाली. "गरम आहे गं. गरम आहे. गरम आहे." तिला थांबता येईना. घुटकी आईच्या तोंडाकडे कुतूहलानं बघत होती. चहावालीनं पातेलं उचलून लांब ठेवलं, पोरीला स्वतःच्या कडेवर घेतलं, आणि हे शब्द कुणाला आहेत असं काही विचारलं नाही. ती नुसती रस्त्याच्या बाजूला, धाकटीच्या आणि रस्त्याच्या मधे, पाय रोवून उभी राहिली.

बस आली तेव्हा दूध तयार होतं. धाकटीनं खिडकीची जागा घेतली. बाटली हलवली, उलटी केली आणि एक थेंब मनगटाच्या आतल्या बाजूवर पाडला, डाव्या, तिथंच जिथं सासूबाईंच्या हातावरचा सुरकुतलेला भाग सुरू व्हायचा.

थेंब थोडा वेळ तिथं थांबला, मग ओघळला. कोमट होता. तिनं आणखी एक पाडून खात्री केली, मग बाटली पोरीच्या तोंडाला लावली.

घुटकीनं एक घुटका घेतला, थांबली, बसच्या छताकडे बघितलं. मग दुसरा घेतला.